विमानाची टाकी व विद्यार्थ्याची वही

गेल्या वर्षी आमच्या शाळेत विज्ञान-प्रदर्शन भरले, त्या वेळची ही हकीकत आहे. दहावीतील एका विद्यार्थ्याने विमान केले होते. ते उडणारे विमान नव्हते, हे प्रथमच सांगितले पाहिजे. परंतु त्याला पंख होते, शेपूट होते, आणि मुख्य म्हणजे खरे यंत्र होते. पिकांवर औषध फवारण्याच्या एका मोडक्या पंपाचे यंत्र त्याने मिळविले, सागवानी फळी तासून तिचा पंखा केला, बांबूचा सांगाडा बांधला आणि धाकट्या भावाच्या तीनचाकी सायकलीची चाके खाली लावली. यंत्र सुरू झाले की ते विमान मैदानावरची धूळ उडवीत चाळीस-पन्नास पावले स्वतःच्या बळावर धावत असे. उदयनगरसारख्या ठिकाणी, जेथे विमान म्हणजे इंदूरच्या दिशेने जाणारा आकाशातील एक चकाकता ठिपका, तेथे हे दृश्य पाहावयास पालकांची केवढी गर्दी लोटली असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

त्या पंपाची मूळची टाकी लहान होती. प्रदर्शन दिवसभर चालावयाचे, म्हणून मुलाने ती काढून टाकली व तिच्या जागी मोटारीच्या तेलाची एक प्लॅस्टिकची मोठी बाटली बसविली. येथूनच अडचण सुरू झाली. यंत्र दोन-तीन मिनिटे झकास चाले, मग धापा टाकी व बंद पडे. मुलगा झाकण काढून आत पाही, तो पेट्रोल भरपूर. झाकण लावून पुन्हा दोरी ओढली की यंत्र सुरू, आणि दोन मिनिटांनी पुन्हा बंद. असे चार-पाच वेळा झाले. विज्ञानाच्या शिक्षकांनी ठिणगीचा प्लग तपासला. पाहुण्यांपैकी एकाने कार्बुरेटरला दोष दिला. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. मराठी व इतिहास शिकविणारे. आम्ही अर्थातच गप्प होतो. शेवटी पंपसेट दुरुस्त करणारे एक मिस्त्री, जे आपल्या मुलीचे चित्र पाहावयास आले होते, ते पुढे झाले आणि त्यांनी एवढेच विचारले, “झाकणाला भोक कुठे आहे?”

मूळच्या टाकीच्या झाकणाला बारीक भोक होते. पेट्रोल खाली उतरले की त्याच्या जागी त्या भोकातून हवा आत येई. बाटलीच्या झाकणाला भोक नव्हते. पेट्रोल थोडे उतरताच आत पोकळी निर्माण होई आणि ती उरलेल्या पेट्रोलला वरच्या वर धरून ठेवी. झाकण काढले की हवा आत शिरे व गाडे पुन्हा सुरू. मिस्त्रींनी झाकण अर्धा आटा सैल केले, आणि यंत्र टाकी रिकामी होईपर्यंत चालले. टाळ्या झाल्या. मुलाला पहिले बक्षीस मिळाले. बक्षीस देताना झालेल्या भाषणांत ‘जुगाड’ हा शब्द आम्ही सात वेळा ऐकला.

दुसऱ्या दिवशी घरी त्या मुलाने ते काम कायमचे करावयाचे ठरविले. बाटलीतले पेट्रोल त्याने ओतून काढले, झाकण घट्ट बसविले, खिळा चुलीत तापविला व झाकणावर टेकविला. बाटलीतून भपकन ज्वाळा उठली. उजव्या हाताची तीन बोटे भाजली, भुवया गेल्या, डोळे दैवाने वाचले. आम्ही भेटावयास गेलो, तेव्हा हाताला पट्टी बांधून बसलेल्या त्या मुलाने आम्हांला विचारले, “पण सर, बाटली तर रिकामी होती ना?”

हा प्रश्न आमच्या मनातून वर्षभर गेलेला नाही. त्याचे उत्तर त्याला खिळा तापविण्यापूर्वी मिळावयास हवे होते, आणि ते देण्याची जबाबदारी ज्यांनी टाळ्या वाजविल्या त्यांची होती. म्हणून विषय आमचा नसतानाही आम्ही ह्या वर्षी टाकी ह्या वस्तूविषयी जे मिळेल ते वाचले, मिस्त्रींकडे जाऊन बसलो, आणि त्यातून आमचे जे मत बनले ते येथे मांडीत आहोत.

प्रथम त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर. पेट्रोल स्वतः जळत नाही, त्याची वाफ जळते. शंभर भाग हवेत सुमारे दीड ते साडेसात भाग वाफ मिसळली म्हणजे ते मिश्रण ठिणगीची वाट पाहत असते. भरलेल्या टाकीत हवेला जागा थोडी आणि तेथे वाफ इतकी दाट, की ती पेट घेण्यास बहुधा हवाच पुरत नाही. टाकी ओतून काढली की हवा आत येते, भिंतींना चिकटलेले पेट्रोल वाफ होऊन तिच्यात मिसळते, आणि ‘रिकामी’ टाकी भरलेल्या टाकीहून घातक होऊन बसते. म्हणूनच जुन्या टाकीला डाग देण्यापूर्वी जाणते कारागीर ती धुऊन घेतात, पाण्याने भरतात, आणि तरीही विस्तवाला भितात. ही चूक केवळ शाळकरी मुलेच करतात असे नव्हे. 17 जुलै 1996 रोजी न्यूयॉर्कहून पॅरिसकडे निघालेले ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचे बोइंग 747 विमान उड्डाणानंतर काही मिनिटांतच आकाशात फुटले व 230 माणसे मृत्युमुखी पडली. चार वर्षे तपास चालला. समुद्रातून काढलेले तुकडे जुळवून तपासणाऱ्यांनी निष्कर्ष काढला, की पंखांच्या मधली, जवळजवळ रिकामी असलेली टाकी तिच्यातील वाफेमुळे फुटली. एवढ्या मोठ्या विमानात, एवढ्या हुशार लोकांच्या देखरेखीखाली, ‘रिकामी’ ह्या शब्दाने सर्वांना फसविले होते.

आता घरी बांधलेल्या विमानांकडे वळू. घरी विमान बांधतात ही गोष्ट आमच्या पुष्कळ वाचकांना गमतीची वाटेल. पण अमेरिकेत हा हजारो लोकांचा छंद आहे. तेथे 1953 साली पॉल पोबरेझ्नी नावाच्या गृहस्थाने मिलवॉकी शहरात अशा हौशी बांधणाऱ्यांची संघटना काढली, आणि आजही दर उन्हाळ्यात ऑशकॉश येथे त्यांची प्रचंड जत्रा भरते. तेथील कायदाही मोठा समंजस आहे. विमानाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी माणसाने स्वतःच्या शिक्षणासाठी वा आनंदासाठी बांधलेला असला पाहिजे. तपासनीस येऊन पाहतो. आणि मग प्रथम पंचवीस वा चाळीस तास ते विमान ठरवून दिलेल्या मोकळ्या प्रदेशावरच, उतारूंशिवाय, उडवून पाहावे लागते. बांधणाऱ्याने कामाची रोजनिशी व छायाचित्रे ठेवलेली असावी लागतात. ह्या रोजनिशीकडे आम्हांला पुढे पुन्हा यावयाचे आहे.

आपल्याकडेही ही हौस अगदीच नाही असे नाही. मुंबईत कांदिवलीला राहणारे वैमानिक कॅप्टन अमोल यादव यांनी आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. 2016 च्या फेब्रुवारीत वांद्रे-कुर्ला संकुलातील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले. गच्चीवरून ते सुटे करून खाली उतरवावे लागले होते. नोंदणीसाठी वर्षानुवर्षे खेटे घालून 2017 साली ती मिळाली, उड्डाणाची परवानगी 2019 साली, आणि 2020 च्या ऑगस्टमध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून ते विमान हवेत गेले. गच्चीपासून धुळ्यापर्यंतचा हा प्रवास ज्या चिकाटीने झाला, तिला आम्ही मनोभावे वंदन करतो. एका मराठी माणसाने हे केले, याचा आम्हां मध्य प्रदेशातील मराठी कुटुंबांनाही अभिमान वाटतो. सरकारी कचेऱ्यांनी असल्या माणसाला इतकी वर्षे तिष्ठत ठेवावे हे आम्हांला मुळीच पटत नाही. मात्र तपासणीच नको, असे जे काही लोक म्हणू लागतात, तेही पटत नाही. का, ते आता टाकीच्याच उदाहरणाने सांगतो.

विमान बांधणाऱ्या हौशी माणसाला सर्वांत मोठा मोह टाकीत बदल करण्याचा होतो. नकाशात दिलेली टाकी त्याला लहान वाटते. आणखी वीस लिटर मावले तर आणखी तासभर उडता येईल, असा सरळ हिशोब तो करतो. परंतु पेट्रोलच्या एका लिटरचे वजन सुमारे पाऊण किलो. वीस लिटर म्हणजे पंधरा किलो. हे वजन विमानाच्या तोलबिंदूच्या मागे ठेवले तर शेपूट जड होते, पुढे ठेवले तर नाक. शिवाय पेट्रोल हे असे ओझे आहे की ते वाटेत संपत जाते. म्हणजे निघतानाचा तोल वेगळा व उतरतानाचा वेगळा. दोन्ही वेळी तो मर्यादेत राहिला पाहिजे. ओझे एकाच जागी राहील तरी बरे; पण अर्धवट भरलेल्या टाकीत पेट्रोल हिंदकळते आणि विमान जिकडे कलेल तिकडेच धावून त्याला आणखी कलविते. आमच्या घरी कोंकणी बोलतात, आमचे बालपण समुद्राकाठी गेले. व्हडें कलंडते ते बाहेरच्या लाटेने जितके, तितकेच तळाशी साचलेल्या पाण्याने, हे तेथे पोरासोरांनाही ठाऊक असते. म्हणून बोटीत बसल्याबरोबर हातात आधी करवंटी येते, पाणी उपसण्यासाठी. उदयनगरला आल्यावर ह्याच रोगावरचा दुसरा उपाय आम्ही पाहिला. डोक्यावरून पाणी आणणाऱ्या बायका उघड्या हंड्यात पानांची एक डहाळी टाकतात. पाणी हिंदकळून सांडत नाही. विमानाच्या टाकीत भोके पाडलेले आडपडदे बसवितात ते ह्याच कामासाठी. टाकीचा आकार बदलणारा माणूस हे पडदे विसरला, तर वळणावर सारे पेट्रोल एका भिंतीशी जमा होते आणि नळीच्या तोंडाशी नुसती हवा येते. टाकी निम्मी भरलेली असूनही यंत्र बंद.

नळीचे तोंड कोठे असावे यालाही शास्त्र आहे. ते टाकीच्या अगदी तळाशी ठेवले तर तळाला बसलेले पाणी व गाळ यंत्रात जातो. वर ठेवले तर त्याखालचे पेट्रोल कधीच उपयोगी पडत नाही. म्हणून तळाला एक खोलगट जागा ठेवून तेथे छोटा नळ बसवितात, आणि वैमानिक दिवसाच्या पहिल्या उड्डाणापूर्वी त्या नळातून थोडे पेट्रोल काचेच्या भांड्यात घेऊन त्यात पाणी आहे काय ते पाहतो. पाणी जड, ते खाली वेगळे दिसते. येथे आपल्या देशातील वाचकाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आज आपल्या पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉल पाणी स्वतःत ओढून घेते, त्यामुळे ते पाणी भांड्यात वेगळे दिसत नाही. मर्यादा ओलांडली की मात्र एकदम खाली उतरते. काही जुन्या तऱ्हेच्या रबरी नळ्या व फायबरच्या टाक्या ह्या मिश्रणाने मऊ पडतात. फवारणीच्या पंपाची नळी वर्षभरात चिकट होऊन फुगली, अशी तक्रार आम्ही मिस्त्रींच्या दुकानात बसलो असता एका शेतकऱ्याच्या तोंडून ऐकली. शेतात यंत्र बंद पडले तर माणूस कपाळावरचा घाम पुसतो व घरी जातो; दोन हजार फुटांवर घरी जाण्याची वाट एकच असते.

मग हे सारे बरोबर झाले की नाही, हे कळावयाचे कसे? आम्ही जे वाचले त्यात आम्हांला सर्वांत आवडलेला भाग हाच. चांगला बांधणारा माणूस आपल्या टाकीवर विश्वास ठेवीत नाही. टाकी सांधून झाली की तो तिची सर्व तोंडे बंद करतो, एका तोंडाला लहान मुलांचा फुगा बांधतो, आत हलकेच हवा भरतो आणि फुगा ताठ राहतो की सुरकुततो ते एक-दोन दिवस पाहत बसतो. सांध्यांना साबणाचे पाणी लावतो. जेथे बुडबुडा येईल तेथे गळती. (फुगा रात्रीच्या गारव्यानेही लहान होतो, हे ठाऊक नसल्यामुळे चांगली टाकी पुन्हा उकलणारेही असतात.) मग तो विमानाचे नाक चढणीच्या कोनात वर उचलून, नळी यंत्राच्या तोंडाशी सोडवून, मिनिटाला किती पेट्रोल येते ते मापाने मोजतो. नुसत्या उतारावर पेट्रोल येत असेल, तर उड्डाणाच्या वेळी यंत्राला जेवढे लागते त्याच्या दीडपट आले पाहिजे. पंपाने येत असेल, तर सव्वापट. यंत्राला तासाला वीस लिटर लागत असतील, तर नळीतून तीस यावयास हवेत. शेवटी तो टाकीत एकेक लिटर ओतून मापकाट्यावर प्रत्येक लिटरची खूण करतो. कारखान्यातून आलेला काटा खरे बोलेल असे गृहीत धरीत नाही. ह्यांपैकी एकही परीक्षा अशी नाही, की जी आमच्या नववीच्या मुलांना पाण्याने भरलेल्या डब्यावर करता येणार नाही. लागतो तो फुगा, साबण, मापाचे भांडे, घड्याळ व वही.

आणि तरीही, एवढे सारे करूनही, चूक राहू शकते. त्याचे उदाहरण अमेरिकेतील आहे व ते पुष्कळांना ठाऊक असेल. जॉन डेन्व्हर हा तिकडचा मोठा लोकप्रिय गायक. तो वैमानिकही होता, हजारो तास उडालेला. 1997 साली त्याने बर्ट रूटान यांच्या आराखड्यावरून कोणा हौशी माणसाने बांधलेले ‘लाँग-ईझी’ जातीचे छोटे विमान विकत घेतले. त्याला दोन टाक्या, उजवी व डावी. मोटारसायकलीची कॉक जशी आपण ‘रिझर्व्ह’वर फिरवितो, तशी एक चावी फिरवून एका टाकीवरून दुसरीवर जावयाचे. मूळ आराखड्यात ही चावी वैमानिकाच्या समोर, दोन पायांच्या मध्ये होती. बांधणाऱ्याने ती तेथून काढली व वैमानिकाच्या पाठीमागे, डाव्या खांद्याच्या वर बसविली. का? तर बसण्याच्या जागेत पेट्रोलच्या नळ्या नसाव्यात म्हणून. हे कारण कोणालाही पटण्यासारखे आहे. किंबहुना ते सुरक्षिततेचेच कारण आहे! परंतु परिणाम असा झाला, की चावी फिरविण्यासाठी वैमानिकाला सुकाणूवरचा उजवा हात सोडून, अंग वळवून, तो हात डाव्या खांद्यावरून मागे न्यावा लागे. चावीवर खुणा नव्हत्या. पेट्रोल किती आहे हे दाखविणाऱ्या काचाही मागच्या बाजूस होत्या, पुढून दिसत नसत, आणि त्यांच्यावरही मापे नव्हती. 12 ऑक्टोबरच्या त्या दिवशी उड्डाणापूर्वी चावीला पकड लावून ती जवळ आणता येते का, हेही पाहून झाले, जमले नाही. आणखी पेट्रोल भरण्याची सूचना त्याने नाकारली. थोडाच वेळ उडावयाचे होते. कॅलिफोर्नियाच्या माँटेरे उपसागरावर ते विमान कोसळले. तपासणाऱ्यांचे मत असे पडले, की चावीकडे वळताना आधारासाठी त्याचा पाय उजव्या पायटीवर दाबला गेला असावा, आणि तेवढ्यात विमान हातचे गेले. पेट्रोल पुरेसे न घेणे हा वैमानिकाचा दोष त्यांनी सांगितला, नव्या विमानाची अपुरी ओळख सांगितली. पण चावी अवघड जागी बसविण्याचा बांधणाऱ्याचा निर्णयही कारणांच्या यादीत लिहिला.

आम्ही ह्या प्रसंगाचा पुष्कळ विचार केला. बांधणारा मूर्ख नव्हता. नळ्यांचा धोका त्याला दिसला, तो त्याने दूर केला. त्या बदलाने दुसरा कोणता धोका जन्माला आला, हे पाहणे राहून गेले. ज्याने चावी मागे बसविली, त्याच्या हाताला ती जागा ठाऊक असते. ज्याने विमान विकत घेतले, त्याच्या हाताला ती नसते. स्वतःच्या बुद्धीने केलेला बदल स्वतःला नेहमीच सोपा वाटतो.

याच्या उलट 1927 सालच्या चार्ल्स लिंडबर्गचे उदाहरण पाहा. न्यूयॉर्क ते पॅरिस एकट्याने साडेतेहतीस तास उडावयाचे, तर विमान म्हणजे जवळजवळ एक उडती टाकीच असावयास हवी होती. सॅन दियागोच्या रायन कंपनीचे अभियंते डोनाल्ड हॉल व लिंडबर्ग यांनी मुख्य टाकी कोठे ठेवावी याचा खल केला. वैमानिकाच्या मागे ठेवली तर समोरचे दिसेल. पण विमान आपटले तर तो यंत्र व टाकी यांच्यामध्ये चिरडला जाईल. लिंडबर्गने ती आपल्यापुढे ठेवण्यास सांगितले. याचा अर्थ समोरची काचच गेली! पुढचे पाहण्यासाठी पाणबुडीत असते तशी आरशांची लहान नळी बसविली, आणि बाजूच्या खिडकीतून डोकावून तो उतरला. हाही मोठाच बदल होता, आणि त्याची किंमतही मोठी होती. फरक एवढाच, की किंमत किती व कोणती हे देणाऱ्याला आधीच ठाऊक होते.

आता आमच्या प्रदर्शनातील त्या सात वेळा उच्चारलेल्या शब्दाविषयी थोडे. जुगाड ह्या शब्दाचा आम्हांला मुळीच तिटकारा नाही. ज्या गावात सुटा भाग मागवावयाचा तर इंदूरला जावे लागते, तेथे हाती आहे त्यातून काम भागविणारा माणूस हा गावाचा आधारच असतो. आमचे मिस्त्री त्यांतलेच. परंतु मिस्त्रींचा जुगाड व भाषणांतला जुगाड ह्या दोन भिन्न वस्तू आहेत. मिस्त्रींनी झाकणाचे भोक विचारले, कारण मूळ टाकीचा प्रत्येक भाग कशासाठी होता हे त्यांना पाठ आहे. ते जे काढतात त्याचे काम दुसऱ्या कशावर तरी सोपवितात. भाषणांत मात्र जुगाड म्हणजे काही न शिकता यश, असा अर्थ निघू लागला आहे, आणि मुले तो ऐकत आहेत.

याच संदर्भात दर वर्षी कोणीतरी विद्यार्थी वक्तृत्वस्पर्धेत शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव घेतो. 1895 साली मुंबईच्या चौपाटीवर तळपदे यांनी राइट बंधूंच्या आधी विमान उडविले, असे सांगितले जाते. टाळ्या हमखास पडतात. आम्हांला हे खरे असते तर किती आनंद झाला असता! पण त्या विमानाची मापे, वजन, यंत्राची शक्ती, किती अंतर गेले, कोणी मोजले, यांतले काहीच विश्वसनीय असे हाती नाही. पुढे ज्या ‘वैमानिक शास्त्र’ ग्रंथाचा ह्या संदर्भात आधार दिला जातो, तो बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी 1974 साली तपासला आणि त्यात वर्णिलेली विमाने उडण्यास असमर्थ आहेत असा निर्वाळा दिला. तळपदे यांच्या हौसेविषयी व धडपडीविषयी आम्हांला आदरच आहे. इतिहासाचा शिक्षक म्हणून आमचे दुःख वेगळे आहे: त्यांनी जे काही केले असेल, यशस्वी वा अयशस्वी, त्याची वही आपल्याजवळ नाही. राइट बंधूंची आहे. 1901 साली त्यांनी हवेचा बोगदा करून पंखांचे शेकडो नमुने तपासले व आकडे लिहून ठेवले. त्यांचे यंत्र बांधणाऱ्या चार्ल्स टेलरने ते सहा आठवड्यांत बारा अश्वशक्तीच्या आसपास आणले. पहिल्या चाचण्यांतच पेट्रोल ठिबकून बेअरिंग जाम झाले आणि यंत्राचे धूड तडकले. ही फजिती त्यांनी लपविली नाही, म्हणून आज ती आपल्याला ठाऊक आहे. 17 डिसेंबर 1903 रोजी पहिले उड्डाण बारा सेकंदांचे, एकशेवीस फुटांचे झाले. किती लहान आकडा! पण तो आकडा आहे.

म्हणून आम्ही गेल्या जूनमध्ये शिक्षकांच्या बैठकीत एक सूचना मांडली. ह्यापुढे विज्ञान-प्रदर्शनात कोणतीही वस्तू वहीवाचून मांडता येऊ नये. वहीत सुबक चित्रे, सुविचार वा मान्यवरांचे संदेश नकोत. मूळ वस्तूत काय होते, आपण काय बदलले, का बदलले, जे काढले त्याचे काम आता कोण करते, आणि हे खरे चालते की नाही ते कसे तपासले, एवढे मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहावे. आणि जे बिघडले तेही लिहावे. जेथे पेट्रोल, विस्तव वा वीज आहे, तेथे वस्तू सुरू होण्यापूर्वी एका शिक्षकाने व एका कारागिराने ती वही वाचून तिच्यावर सही करावी. कारागिराचे नाव काढताच काही भुवया उंचावल्या. शाळेच्या कागदावर मिस्त्रींची सही कशी चालेल, असा प्रश्न निघाला. आम्ही नम्रपणे विचारले, की गेल्या वर्षी झाकणाचे भोक कोणाला दिसले होते? सूचनेला दुसरा विरोध अधिक विचार करण्यासारखा होता. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी म्हटले, की वही मागितली तर मुले वस्तूच करणार नाहीत. ज्याचा हात चालतो त्याची लेखणी चालतेच असे नाही, आणि आपण हुशार हातांना निबंधाच्या भीतीने पळवून लावू. ह्या म्हणण्यात तथ्य आहे. आमच्या वर्गातील कित्येक मुलांच्या घरी बारेली, कोरकू वा निमाडी बोलतात. आमच्या स्वतःच्या घरी कोंकणी बोलतात, आणि शुद्ध मराठीत लिहावयाचे म्हणजे काय धास्ती असते ती आम्ही अनुभवली आहे. म्हणून वहीत भाषेचे गुण नसावेत. चित्र काढून बाण दाखविले तरी चालावे, आकडे हवेत. ज्याला लिहिणे जमत नाही त्याने सांगावे व मित्राने लिहावे.

पालकांनाही एक विनंती आहे. मुलाने काही जोडले, बांधले, तर त्याची पाठ जरूर थोपटावी. पण त्याच वेळी त्याला विचारावे, की ह्यात तू काय काढून टाकलेस? ‘काय केलेस’ हा प्रश्न सर्वच विचारतात.

सूचना एका वर्षासाठी मंजूर झाली. यंदाच्या प्रदर्शनासाठी तेवीस वह्या आल्या, त्यांपैकी नऊ आम्हांला परत कराव्या लागल्या. तो मुलगा आता अकरावीत आहे. बोटांवर डाग आहेत, भुवया आल्या आहेत. त्याने पंपाची मूळची पत्र्याची टाकी शोधून पुन्हा बसविली आहे आणि तिच्याशेजारी दुसरी टाकी, मिस्त्रींच्या देखरेखीखाली, नव्या पत्र्याची, पेट्रोलचा थेंबही न लागलेली, तयार केली आहे. तिला फुगा बांधून तो दोन दिवस वर्गाच्या खिडकीत ठेवला होता. पहिल्या रात्री फुगा सुरकुतला, दुसऱ्या दुपारी पुन्हा ताठ झाला. वहीत त्याने दोन्ही वेळा लिहिल्या आहेत आणि शेजारी थंडी व ऊन असे लिहून प्रश्नचिन्ह काढले आहे. त्या पानावर मिस्त्रींची सही झाली आहे. आमची व्हावयाची आहे, कारण नळीतून मिनिटाला किती पेट्रोल येते तो आकडा त्याने अजून भरलेला नाही.